लाइट गेली तरी खड्डा उपसला पाहिजे

वाचकांचे प्रश्न

मिरग जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत तळघराचे पाणी हटकून असते. कोकणात तळघरे कुठली, असे घाटावरच्या माणसाला वाटेल. पण उतारावर जांभा कापून बांधलेल्या घराचा खालचा मजला मागच्या अंगाने जमिनीतच असतो. आता तर सोसायट्यांची अर्धी जमिनीखालची पार्किंगे आणि लिफ्टचे खड्डेही आले. आषाढात जांभ्यातून उमाळे फुटतात आणि फरशीच्या सांध्यांतून पाणी वर येते. ते गोळा करायला कोपऱ्यात खड्डा आणि खड्ड्यात पंप. या खड्ड्याला संप म्हणतात, पण पिण्याच्या पाण्याच्या जमिनीखालच्या टाकीलाही आपण संपच म्हणतो, म्हणून खाली सगळीकडे नुसते ‘खड्डा’ म्हटले आहे.

प्रश्न : खालच्या मजल्यावर दोन बाय दोन फुटांचा खड्डा आहे. त्यात अर्ध्या एचपीचा सबमर्सिबल पंप आहे. गेल्या वर्षी ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी घेतली. घरातले दिवे-पंखे सहा-सात तास चालतात. पण पंप सुरू झाला की इन्व्हर्टर ‘ओव्हरलोड’ दाखवून बंद पडतो. इन्व्हर्टर खराब आहे का?
— एक वाचक, चिपळूण

इन्व्हर्टर ठीक आहे, त्याच्यावर टाकलेले ओझे जास्त आहे. अर्धा एचपी म्हणजे ३७० वॅट हे मोटरच्या दांड्यावर मिळणारे काम. त्यासाठी मोटर विजेतून ५५० ते ६०० वॅट ओढते आणि करंट तीन-चार अँपिअर घेते. म्हणजे नुसता पंप चालतानाच ७०० ते ९०० व्हीए (२३० व्होल्ट गुणिले अँपिअर) खर्च होतात. वर सुरू होतानाचा झटका वेगळा. त्या क्षणी मोटर चौपट-पाचपट करंट मागते. महावितरणच्या लाइनला त्याचे काही वाटत नाही, तुमचा इन्व्हर्टर मात्र मान टाकतो.

दोन मार्ग आहेत. पहिला, किमान २ केव्हीएचा, दोन बॅटऱ्यांवर म्हणजे २४ व्होल्टवर चालणारा इन्व्हर्टर. तो शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे लाइनसारखीच वीज देणारा हवा. स्क्वेअर वेव्हवर मोटर घूं-घूं करते, तापते आणि वाइंडिंगचे आयुष्य कमी होते. घेण्याआधी दुकानदाराला मोटरचा सुरुवातीचा झटका सांगा, नुसते ‘अर्धा एचपी’ सांगून भागत नाही.

दुसरा मार्ग आम्हाला जास्त पटतो. जुना पंप लाइटवर चालू द्या आणि त्याच खड्ड्यात १२ व्होल्टचा वेगळा डीसी (थेट बॅटरीवर चालणारा) पंप थोडा वर बसवा. त्याला स्वतःचा फ्लोट (पाणी चढले की पंप चालू करणारा तरंगता स्विच), स्वतःची बॅटरी आणि स्वतःचा चार्जर द्या. मग लाइट गेली, मोठा पंप जळला किंवा त्याचा फ्लोट अडकला, तिन्ही वेळी दुसरा पंप उभा असतो. इन्व्हर्टर फक्त पहिल्या अडचणीवर उपाय आहे.

किती बॅटरी लागेल हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. जोराचा पाऊस चालू असताना पंप बंद करून खड्ड्यातले पाणी दहा सेंटिमीटर चढायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा. तुमच्या खड्ड्यात (६० बाय ६० सेंमी) एक सेंटिमीटर म्हणजे ३.६ लिटर. दहा सेंटिमीटर तीन मिनिटांत चढले तर मिनिटाला १२ लिटर, तासाला ७२० लिटर. डीसी पंप तुमच्या उंचीवर मिनिटाला ४० लिटर फेकत असेल तर त्याला तासातली १८ मिनिटे चालावे लागेल. १० अँपिअरचा पंप धरला तर ताशी साधारण ३६ वॅट-तास खर्च. १५० एएच बॅटरीतून तिला न दुखावता निम्मी वीज, म्हणजे ९०० वॅट-तास घेता येतात, म्हणजे जवळजवळ पूर्ण एक दिवस-रात्र. तेच पाणी अर्ध्या एचपीचा पंप इन्व्हर्टरवर काढू लागला तर इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरून आठ-नऊ तासांत तेवढीच बॅटरी संपते.

डीसी पंपाच्या खोक्यावरचा ‘ताशी इतके लिटर’ हा आकडा बहुतेक वेळा शून्य उंचीचा असतो. खड्ड्याच्या तळापासून पाइपच्या तोंडापर्यंतची उंची मोजा, एल्बो आणि लांबीसाठी एक-दोन मीटर वाढवा आणि त्या उंचीवर तो किती पाणी देतो ते कोष्टकात पाहा. चार मीटरला पोचेपर्यंत काही पंपांचा दम संपलेला असतो.

प्रश्न : आमची व्यवस्था तीन वर्षांपूर्वी बसवली. चार्जरवरचा हिरवा दिवा कायम लागलेला असतो. पावसाआधी आणखी काही तपासायला हवे का? तपासायचे तर कसे?
— एक वाचक भगिनी, दापोली

हिरवा दिवा चार्जरला लाइट मिळते आहे एवढेच सांगतो. बॅटरीत जीव आहे की नाही, फ्लोट हलतो की नाही, पाइपातून पाणी बाहेर पडते की नाही, यातले त्याला काहीच कळत नाही. चाचणी खऱ्या पाण्याने आणि लाइट बंद करूनच करायची. मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदा पूर्ण, मग गणपतीपर्यंत दर महिन्याला छोटी.

आधी खड्डा साफ करा. मोठ्या पंपाची एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) पाडा, इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, आणि मगच हात पाण्यात घाला. लाइट गेली म्हणजे पंपात वीज नाही असे समजू नका, इन्व्हर्टर २३० व्होल्ट देतच असतो. जांभ्याचा लाल गाळ तळाशी दह्यासारखा बसतो, तो तांब्याने काढा. पंपाची जाळी ब्रशने घासा. नारळाच्या काथ्याचे तंतू पंख्याच्या आसाला गुंडाळलेले असतात, ते चिमट्याने ओढून काढावे लागतात. पंप तळावर ठेवू नका, खाली पक्क्या विटा घाला. जांभ्याचा तुकडा ठेवू नका, तो झिजून स्वतःच गाळ होतो.

आता चाचणी. मोठ्या पंपाची एमसीबी पाडलेलीच ठेवा आणि डीसी पंपाच्या चार्जरचा प्लग काढा. खड्ड्यातले पाणी डीसी पंपाच्या फ्लोटच्या थोडे खाली असू द्या आणि बादलीने हळूहळू पाणी ओता. दोन फुटी खड्ड्यात पाणी १५ सेंमी चढवायला ५४ लिटर लागते, म्हणजे पंधरा लिटरच्या चार बादल्या भरून ठेवा. फ्लोट हाताने उचलून पंप चालू झाला की चाचणी झाली असे बरेच जण मानतात, पण फ्लोट पाण्यावर आपल्या बळाने उठतो का हेच तर पाहायचे असते. दोरीचा फ्लोट पंपाच्या वायरीत किंवा पाइपाखाली अडकणे ही सगळ्यात जास्त दिसणारी गडबड. फ्लोटभोवती चारी बाजूंनी वीतभर मोकळी जागा हवी.

पंप सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंतचा वेळ सेकंदांत मोजा. ५४ लिटरला मिनिटाला ४० लिटर फेकणाऱ्या पंपाला साधारण ८० सेकंद लागतात. ही संख्या तारखेसह खड्ड्याच्या वर भिंतीवर खडूने नाही, ऑइलपेंटने लिहा. पुढच्या महिन्यात तेच काम दोन मिनिटांवर गेले तर पंखा अडकला आहे, पाइपात गाळ आहे किंवा बॅटरी दमली आहे. पंप चालू असताना दुसऱ्या कोणाला तरी बाहेर पाइपाच्या तोंडाशी उभे करा. तिथे जाळी नसेल तर खेकडे आणि बेडूक आत मुक्काम करतात आणि पाणी येते ते करंगळीएवढे. पाणी घराच्या भिंतीलगत पडत असेल तर तेच पुन्हा जिरून खड्ड्यात येईल. ते पऱ्यात किंवा उताराच्या खालच्या बाजूला सोडा.

शेवटी बॅटरीचा दम पाहा. चार्जर काढून चार-पाच तासांनी मल्टिमीटरने व्होल्टेज घ्या. १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. मग पंप अर्धा तास चालवा. त्यासाठी नळाचे पाणी खड्ड्यात सोडत राहा, कोरडा चालवलात तर त्याचे सील जाईल. १५० एएच बॅटरीवर १० अँपिअरचा पंप असेल तर अर्ध्या तासानंतरही १२.२ च्या आसपास दिसायला हवे. ११.८ च्या खाली घसरले तर ती बॅटरी पावसाळा काढणार नाही, चार्ज होताना कितीही चांगली दिसो. एकाच १२ व्होल्ट बॅटरीच्या इन्व्हर्टरवर मोठा पंप चालत असेल तर करंट पन्नास अँपिअरच्या पुढे जातो, तिथे ११.५ पर्यंत उतरणे स्वाभाविक आहे.

सगळे झाले की चार्जर लावा आणि मोठ्या पंपाची एमसीबी उचला. हे शेवटचे वाक्य किरकोळ वाटेल, पण चाचणीनंतर एमसीबी तशीच राहिल्यामुळे भरलेली तळघरे कमी नाहीत.

प्रश्न : घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. बॅटरीच्या टर्मिनलवर दर दोन महिन्यांनी हिरवट-पांढरी बुरशी येते. पाणीही भराभर कमी होते. कुठले पाणी घालावे? विहिरीचे गोडे पाणी चालेल का?
— एक वाचक, मालवण

विहिरीचे नको, पागोळीचे नको, एसीतून गळणारेही नको. फक्त डिस्टिल्ड वॉटर. विहिरीच्या पाण्यातले क्षार आणि लोह प्लेटांवर बसतात आणि बॅटरी स्वतःहून उतरू लागते. ॲसिड तर कधीच घालायचे नाही. उडून जाते ते पाणी, ॲसिड आतच राहते. पाणी बॅटरी चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत घाला. चार्जिंगआधी भरले तर चार्ज होताना पातळी चढते आणि ॲसिड झाकणातून बाहेर येते. तुमची बुरशी बहुधा तिथूनच सुरू होते, खारा वारा तिला पोसतो. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील एवढे घाला.

पाणी भराभर कमी होत असेल तर चार्जर तपासा. भरलेल्या बॅटरीवर चार्जर सतत लागलेला असताना टर्मिनलवर १३.५ ते १३.८ व्होल्ट हवे. तासन्‌तास १४.४ दिसत असेल तर तो बॅटरी उकळवतो आहे. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर चार्जर बंद करा, खिडक्या उघडा आणि ती बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नका.

बुरशी काढताना आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडा. ग्लासभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. फसफस थांबली की साध्या पाण्याने पुसा. सोड्याचा थेंबही झाकणातून आत जाता कामा नये. कोरडे करून नट घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावून नट नंतर आवळायची पद्धत उलटी आहे. वायर तांब्याची आणि कथिलाचा मुलामा असलेली मिळाली तर घ्या. खाऱ्या हवेत साधे तांबे आवरणाच्या आत हातभर काळे पडते आणि वरून काही दिसत नाही.

हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) असेल तर सहाही सेल मोजा. भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीत १.२४ च्या आसपास आकडा येतो, नेमका आकडा बॅटरीवर छापलेला असतो. एखादा सेल इतरांपेक्षा ०.०५ ने खाली असेल तर बॅटरीचे दिवस भरले. नुसते पाणी घालून तो सेल वर येत नाही. आणि बॅटरीशेजारी देवाची समई-उदबत्ती नको. चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

प्रश्न : पंप दर मिनिटाला सुरू होतो, दहा सेकंद चालतो, बंद होतो. पाऊस नसतानाही हेच. रात्री या आवाजाने झोप येत नाही.
— एक वाचक, गुहागर

पाइपातले पाणी परत खड्ड्यात येते आहे. पंप थांबला की उभ्या पाइपातले सगळे पाणी खाली उतरते, फ्लोट उठतो, पंप तेच पाणी पुन्हा वर फेकतो. नॉन रिटर्न व्हॉल्व (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवलेलाच नाही, उलटा बसवला आहे (अंगावरचा बाण पाहा), किंवा त्याच्या झडपेत खडा अडकला आहे. खड्ड्याबाहेर पाइपाला हात लावून ठेवा. पंप थांबल्यावर पाणी खाली जाताना हाताला कळते. व्हॉल्व खोलून झडप धुवा, रबर कडक झाले असेल तर बदला.

व्हॉल्व ठीक निघाला तर फ्लोटची दोरी फार आखूड आहे. चालू आणि बंद यांच्या पातळीत १५ सेंमी तरी अंतर पडेल एवढी ती सैल करा.

दोन पंप एकाच पाइपला जोडले असतील तर प्रत्येकाला आपला व्हॉल्व हवा आणि तोही दोन्ही पाइप जिथे मिळतात त्याच्या आधी. नाहीतर एक पंप दुसऱ्यातून पाणी खड्ड्यात परत ढकलत बसतो. दोघेही राबतात आणि पाणी तिथेच.

प्रश्न : डीसी पंप फिरण्याचा आवाज येतो, पाणी येत नाही. हलवला की येते.
— एक वाचक, अलिबाग

हवा अडकते. ती निघायला पंपाचे तोंड आणि नॉन रिटर्न व्हॉल्व यांच्या मधल्या पाइपाला, पंपापासून चार-पाच सेंटिमीटर वर, ३ मिलिमीटरचे भोक पाडा, तिरके, खाली तोंड करून. पंप चालताना त्यातून पिचकारी उडेल, ती खड्ड्यातच पडू दे. ते गळती समजून एम-सील लावणारे प्लंबर भेटतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : खाली पाणी चढले तर बॅटरी बुडेल म्हणून ती वरच्या मजल्यावर ठेवली. पंपापर्यंत दहा मीटर वायर आहे, घरात वापरतात ती अडीच स्क्वेअर एमएमची. पंप मरगळल्यासारखा चालतो. बॅटरी नवीन आहे.
— एक वाचक, देवगड

बॅटरी वर ठेवलीत हे उत्तम. चूक वायरीत आहे. २३० व्होल्टला जी वायर पुरते ती १२ व्होल्टला पुरत नाही. दहा मीटर जाऊन दहा मीटर परत, म्हणजे वीस मीटर तांबे. अडीच एमएम वायरीत १५ अँपिअरवर सव्वादोन व्होल्ट वाटेतच जातात आणि पंपाला जेमतेम साडेदहा मिळतात. सहा एमएममध्ये ०.९ व्होल्ट जातात, दहा एमएममध्ये ०.५५. तुम्ही दहा एमएम ओढा. पंप चालू असताना मल्टिमीटर आधी बॅटरीवर आणि मग पंपाच्या जोडावर लावून फरक पाहा, खात्री पटेल.

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात २५ अँपिअरचा फ्यूज असलाच पाहिजे. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक फ्यूज लावत नाहीत, पण शॉर्ट झाला तर हीच बॅटरी शेकडो अँपिअर देते आणि वायर पेटते. पंपाजवळचा जोड सोल्डर करा, त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा आणि तो पाण्याच्या पातळीच्या वर राहू द्या. नुसती इन्सुलेशन टेप दोन महिन्यांत सुटते.

प्रश्न : २०२१ सारखा पूर आला तर हा पंप काही कामाचा आहे का?
— एक वाचक, चिपळूण

नाही. २२ जुलै २०२१ ला आले ते वाशिष्ठीचे पाणी होते आणि नदी उपसता येत नाही. हा पंप जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यासाठी आहे. बाहेरचे पाणी दारातून आत येऊ लागले की कोरड्या जागी उभे राहून मेन स्विच पाडा, इन्व्हर्टर बंद करा आणि वर जा. प्लगच्या उंचीला पाणी लागले असेल तर खाली उतरूच नका.

पूर ओसरल्यावर भरलेले तळघर एका दमात रिकामे करायची घाई नको. बाहेरची माती अजून पाण्याने फुगलेली असते आणि आतले पाणी भिंतींना आधार देत असते. ते काढले की चिऱ्याची भिंत आत येऊ शकते किंवा फरशी वर उचलली जाते. दिवसाला तिसरा हिस्सा काढा. रात्रीतून पातळी पुन्हा वर आली तर थांबा आणि बाहेरचे पाणी उतरू द्या.

प्रश्न : आम्ही मुंबईला असतो. गावचे घर मेअखेर बंद करतो ते गणपतीला उघडतो. पंप आणि बॅटरी बंद करून जावी की चालू ठेवून?
— एक चाकरमानी, दादर

चालू ठेवून. बॅटरी सोडून ठेवली तर ती स्वतःहून उतरत जाते आणि तीन महिने अर्धवट उतरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट बसते. मग गणपतीत चार्ज केली तरी जुना दम परत येत नाही. घर बंद करताना मेन स्विच पाडायची आपली सवय असते, इथे ती नडते. चार्जर आणि पंपाला मेनवरून वेगळी एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) द्या आणि बाकीचे घर बंद करा. डिस्टिल्ड वॉटर निघायच्या दिवशी खुणेपर्यंत भरा.

तरीही ३ जून २०२० च्या निसर्ग वादळासारखे झाले तर एक बॅटरी पुरणार नाही. तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत कितीतरी गावांना अनेक दिवस लाइट नव्हती. म्हणून खड्ड्याच्या काठाच्या दहा सेंटिमीटर खाली एक वेगळा फ्लोट बसवून त्याला सिमकार्डवर मेसेज करणारा अलार्म जोडा. तोही त्याच बॅटरीवर असल्यामुळे लाइट नसतानाही बोलतो. मेसेज तुम्हाला आणि ज्याच्याकडे किल्ली आहे त्या शेजाऱ्याला, दोघांनाही जाऊ द्या. वाडीत कोणाकडे छोटा पेट्रोल जनरेटर असेल तर त्यावर चार्जर लावून बॅटरी पुन्हा भरता येते. पूर्ण भरायला १५ अँपिअरच्या चार्जरला दहा-बारा तास लागतील, पण चार तासांतही रात्र निघण्याइतकी भरते. जनरेटर पडवीतसुद्धा नको, अंगणात ताडपत्रीखाली, दारे-खिडक्यांपासून लांब. त्याच्या धुरातला वायू वास न येता माणूस मारतो.

आणि शेजाऱ्यासाठी दाराच्या आत एक कागद चिकटवा. पंपाची एमसीबी कुठली, मोठ्या पंपाचा प्लग कुठला, बादली कुठे आहे, किती बादल्या ओतल्यावर पंप सुरू झाला पाहिजे आणि किती सेकंदांत बंद झाला पाहिजे, एवढे त्यावर लिहा. महिन्यातून एकदा त्याला दहा मिनिटे काढायला सांगा.